भागूबाईची पोरं

वर्गात तिला सगळे भागूबाई म्हणत. भित्री भागूबाईतलं 'भित्री' कधीच गळून पडलं होतं, कारण ते वेगळं सांगायची गरज उरली नव्हती. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत काँक्रीटचा ठोकळा यंत्राखाली दाबून बघत होते. तो फाडकन फुटला आणि ही वहीसकट टेबलाखाली जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा तिचं नाव बदललेलं होतं. तिने ते मुकाट्याने घेतलं. खोटं थोडंच होतं?

तिला लिफ्टची भीती वाटे, कुत्र्यांची वाटे, तोंडी परीक्षेची तर विचारूच नका. फोन वाजला की आधी पोटात गोळा येई आणि मग हात पुढे जाई. ऑफिसच्या खिडकीत काही विचारायचं असलं की रांगेत उभी राहून ती मनातल्या मनात वाक्य घोकायची, आणि खिडकीपाशी पोचली की मागच्याला म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे."

ही भीती काही आभाळातून पडली नव्हती. तिचे वडील गवंडी. लहानपणी एका दुपारी ती त्यांचा डबा घेऊन गेली होती, तेव्हा तिच्या डोळ्यांदेखत ते परांचीवरून खाली आले. वाचले, पण एक पाय कायमचा ताठ झाला. आता ते बाजाराच्या तोंडाशी एका टपरीत बसून किल्ल्या बनवत. आई शाळेचे गणवेश शिवायची. घरात एक आत्या होती, तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक म्हण असे. "अगं, वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. मग भिऊन काय मिळवतेस?" भागूबाईला त्यातलं 'खातो' तेवढंच ऐकू येई.

इंजिनिअरिंगला तिला कॉम्प्युटर हवा होता. चार भिंतींच्या आत, खुर्चीत बसून करायचं काम. गुण थोडक्यात हुकले आणि पदरात सिव्हिल पडलं. म्हणजे पूल, धरणं, खोदकाम आणि परांच्या. आगीतून फुफाट्यात.

पहिलं वर्ष तिने कसं काढलं ते तिचं तिलाच माहीत. डबा ती गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात खायची, कारण कँटीनमध्ये कुणाच्या टेबलावर बसायचं हे विचारावं लागलं असतं. गणित अडलं की अडलेलंच राही. वर्गातली मुलं वाईट नव्हती, पण प्रत्येकजण आपापल्या होडीत बसून आपापलं पाणी उपसत होता. ती पास होत गेली ती घोकंपट्टी करून. दोन वर्षांत तिच्याशी आपणहून बोलायला आला तो फक्त झेरॉक्सवाला.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजात मेंटॉरची योजना आली. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या तिघाचौघांना हाताशी धरायचं, आठवड्यातून एकदा भेटायचं, अडलंनडलं बघायचं. सर्व्हे शिकवणाऱ्या मॅडमकडे हे काम होतं. मॅडम बुटक्या, आवाजाने खणखणीत आणि उन्हात काम करून करून रापलेल्या. त्यांनी भागूबाईला बोलावून घेतलं.

"मला नाही जमणार मॅडम," ती दारातूनच म्हणाली.

"का?"

"भीती वाटते."

"कशाची?"

"सगळ्याचीच."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "मग पहिल्या वर्षाच्या पोरांशी तुझं छान जमेल. त्यांनाही सगळ्याचीच वाटते. फक्त ती सांगत नाहीत."

अशी तिच्या गळ्यात तिघंजण पडली.

ड्रॉइंग हॉलच्या मागे एक अडगळीची खोली होती. मोडके बोर्ड, तीन पायांची स्टुलं, खडूचा वास. पहिली भेट तिथे ठरली. भागूबाईने काय विचारायचं ते तळहातावर लिहून आणलं होतं, पण हाताला इतका घाम आला की अक्षरांची शाई झाली. समोर तिघं. एक किडकिडीत मुलगा, ज्याला प्रत्येक गोष्टीतलं जास्त कळत होतं. त्याचं नाव पुढे शहाणा पडलं. दुसरा तिच्याहूनही वयाने मोठा. त्याने दोनतीन वर्षं इमारतींच्या कामांवर मुकादमाच्या हाताखाली घालवली होती आणि आता शिकायला परत आला होता. त्याच्या मिशीमुळे सगळे त्याला मामा म्हणत. तिसरी एक गोल चेहऱ्याची मुलगी. ती सगळीकडे उशिरा पोचायची, खाली मान घालून बसायची आणि कुणी हाक मारली की मान अजून आत घ्यायची. ती गोगलगाय.

 खिडकीबाहेर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, तेवढाच आवाज.

शेवटी भागूबाईच्या तोंडून निघालं, "मला तुमची भीती वाटतेय."

शहाणा हसला. "आमची? ताई, तुम्ही सिनियर आहात."

"म्हणून काय झालं? आठवडाभर झोप नाही मला. तुम्ही काही विचारलंत आणि मला आलं नाही तर?"

गोगलगाईने मान वर केली. "मला पण झोप नाही," ती म्हणाली. "वर्गात सर प्रश्न विचारतात तेव्हा मला ऐकूच येत नाही. कान बंद होतात."

मग मामाने खाकरून घसा साफ केला. त्याला गणिताची भीती वाटत होती. मधल्या वर्षांत सगळं विसरलं होतं, आणि शेजारी बसलेल्या मुलांना हे कळलं तर ती मिशीसकट आपली खिल्ली उडवतील अशी त्याची खात्री होती. शहाणा म्हणाला की त्याला कशाचीच भीती वाटत नाही. त्यावर बाकीची तिघंही एकदम हसली, आणि त्याने थोडा वेळ फुगून बसून नंतर सांगून टाकलं की तो घरी रोज फोन करून खोटं बोलतो, इथे खूप मित्र झालेत म्हणून.

त्या दिवशी अभ्यासाचं काही झालं नाही. पण पुढच्या आठवड्यात तिघंही वेळेवर आली. गोगलगायसुद्धा, म्हणजे तिच्या मानाने.

मग हळूहळू बस्तान बसलं. शहाणा मामाला गणित शिकवायचा आणि शिकवताना इतके फाटे फोडायचा की भागूबाईला मध्ये पडून गाडी रुळावर आणावी लागे. मामा सगळ्यांना ड्रॉइंगमधली भिंत प्रत्यक्षात कशी उभी राहते ते दाखवायचा. गोगलगाईचं अक्षर सुरेख, आकृत्या रेखीव. ती बोलत नसे, पण चूक पकडायची. "गोगलगाय पोटात पाय," असं शहाणा म्हणायचा, आणि ती पेन्सिलीने त्याच्या हातावर टोचायची. बाजूच्या गटातली मुलं आधी दारातून डोकवायला लागली, मग आत येऊन टेकायला लागली. त्यांचे मेंटॉरही आले. परीक्षा जवळ आली तेव्हा अडगळीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही आणि सगळा गोतावळा मोठ्या ड्रॉइंग हॉलमध्ये सरकला. त्यात कोण कुणाच्या गटातला हे विचारायचं कुणाला सुचत नसे. फक्त या तिघांना मात्र सगळे भागूबाईची पोरं म्हणत.

भागूबाईची भीती गेली का? छे. तिला आता स्वतःच्या जोडीला तिघांची भीती होती. शहाणा तापाने आडवा झाला की हिची झोप उडे. मामा गणितात काठावर आला की निकालाच्या दिवशी ही त्याच्याआधीच फलकापाशी जाऊन उभी राही. पूर्वी एका जिवाचा घोर होता, आता चार जिवांचा.

हिवाळ्यात सर्व्हेचा कॅम्प निघाला. शहरापासून दूर, डोंगराच्या पठारावर, जिथे दगडाची एक बंद पडलेली खाण होती. पठारावर खुंट्या ठोकायच्या, टेपने अंतर मोजायचं, होकायंत्राने दिशा घ्यायची, लेव्हलच्या दुर्बिणीतून उंच आखीव पट्टीवरचे आकडे वाचायचे आणि सगळ्याचा नकाशा काढायचा. पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर मेंटॉरनाही नेलं होतं. खाणीचा खड्डा घोड्याच्या नालेसारखा. तीन बाजूंनी उभे कडे, तळाला साचलेलं काळं पाणी. मॅडमनी पहिल्याच दिवशी कड्यापासून बऱ्याच आत चुन्याची रेघ मारून घेतली होती आणि बजावलं होतं की ही रेघ कुणी ओलांडायची नाही. भागूबाई त्या रेघेच्याही दहा पावलं अलीकडून चालायची.

ज्या सकाळची ही गोष्ट, त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. भागूबाईच्या गटाचं काम नालेच्या कडेने चाललं होतं. दुर्बीण एका टोकाला मांडली होती. मामा टेप धरत होता, शहाणा होकायंत्रातून दिशा वाचून मोठ्याने सांगत होता. गोगलगाय आखीव पट्टी घेऊन एकेका खुंटीवरून पुढे सरकत सरकत नालेच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली होती. वाटेने बरंच चालावं लागे, पण सरळ बघितलं तर ती समोरच, खड्ड्याच्या पलीकडे. भागूबाई दुर्बिणीला डोळा लावून हाताने खुणा करत होती. थोडी डावीकडे. आणखी थोडी.

दुर्बिणीतले आकडे पांढुरके दिसायला लागले. तिला वाटलं काचेवर वाफ धरली. तिने रुमालाने काच पुसली, परत डोळा लावला, तर आकडेच नव्हते.

धुकं दरीतून वर आलं होतं. मान वर करेपर्यंत समोरचं टोक गेलं, मग खड्डा गेला, मग चुन्याची रेघ गेली. मामा हाकेच्या अंतरावर होता, त्याची नुसती सावली उरली.

"सगळे इकडे या," भागूबाई ओरडली. "दुर्बिणीपाशी या सगळे."

मामा आला. शहाणा आला. आसपासच्या गटांतली मुलं आवाजाच्या रोखाने चाचपडत आली.

"गोगलगाय!" शहाण्याने हाक मारली.

"ओ," लांबून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"ये, इकडे ये," भागूबाई ओरडली. "माझ्या आवाजाकडे ये."

"येते."

तिने आणखी एकदा हाक मारली. आणखी एकदा उत्तर आलं, या वेळी जरा जवळून. भागूबाईला हायसं वाटलं. आणि मग तिच्या अंगातून कुणीतरी सगळं रक्त काढून घेतल्यासारखं झालं. आवाज जवळ येतोय म्हणजे ती वाटेने येत नाहीये. ती सरळ येतेय. सरळ म्हणजे खाणीच्या खड्ड्याच्या रोखाने.

"थांब!" ती किंचाळली. "थांब, हलू नकोस!"

धोंडे गडगडल्याचा आवाज आला. कुठेतरी खाली पाण्यात काहीतरी पडलं. मग काही नाही.

 भागूबाई दुर्बिणीच्या तिपाईला धरून खालीच बसली. दातावर दात आपटत होते आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. शहाणा धावत सुटणार होता. तिने बसल्या जागेवरून त्याच्या जॅकेटचं टोक दोन्ही हातांनी पकडलं.

"सोड ना," तो रडकुंडीला आला होता. "ती पडलीये."

"तू पण पडशील."

"मग काय इथे बसून राहायचं?"

फोनला रेंज नव्हती. मॅडम डोंगराच्या दुसऱ्या बाजूला दुसऱ्या गटाबरोबर होत्या. त्यांच्याकडे जायची वाट खाणीपासून लांब, सोपी होती. त्या वाटेने एका मेंटॉरला आणि एका मुलाला हात धरून पाठवलं. पण ती दोघं पोचणार कधी आणि मदत येणार कधी?

भागूबाईच्या डोळ्यांसमोर जे दिसत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. आणि ते दिसत होतं म्हणूनच ती घाई करू शकत नव्हती. एकेक पाऊल कुठे पडेल आणि तिथून कुठे घसरेल, हे सगळं तिला आधीच दिसत होतं. जन्मभर हीच तर सवय होती.

"खुंट्या," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की मामाला खाली वाकावं लागलं. "सकाळपासून आपण खुंट्या ठोकत गेलोय ना? इथपासून तिथपर्यंत. सगळ्या रेघेच्या आत. खुंटीवरून खुंटीवर गेलं तर कड्याला लागणारच नाही."

"पण खुंटी दिसणार कशी?" मामाने विचारलं. "हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत."

"दिशा माहीत असली तर? टेप धरून त्या दिशेला सरळ गेलं तर?"

शहाण्याने नाक पुसलं. आकडे त्याच्या डोक्याला गोचिडासारखे चिकटत. "मला पाठ आहेत," तो म्हणाला. "सगळ्या. मीच वाचल्यात."

अशी ती निघाली. पहिल्या खुंटीवर एक मुलगा टेपचं टोक धरून बसला. शहाणा होकायंत्र डोळ्यापाशी धरून दिशा सांगायचा, आणि पुढे भागूबाई. हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. ती आधी काठीने जमीन ठोकायची, मग पाऊल टाकायची. मामा म्हणाला होता, "ताई, पुढे मी जातो." ती नाही म्हणाली. शूर होती म्हणून नव्हे. दुसऱ्या कुणाला पुढे पाठवून मागे उभं राहायचं आणि धुक्यात कान लावून ऐकत बसायचं, याची तिला जास्त भीती वाटली.

टेप ताणला जायचा तिथे गुडघ्यावर बसून हाताने गवत चाचपायचं. खुंटी लागली की तिथे एक मूल बसवायचं आणि पुढे. बसलेल्या प्रत्येकाला एकच काम. आपल्या आधीच्याशी आणि पुढच्याशी सतत बोलत राहायचं. कुणाच्याही गटातली मुलं होती ती. ड्रॉइंग हॉलमध्ये एका बाकावर बसलेली, एकमेकांच्या आवाजाच्या ओळखीची. "मी आहे इथे." "मी पण आहे." "तू रडतोयस का?" "नाही, सर्दी झालीये." मागे मागे आवाजांची एक ओळ तयार होत गेली. भागूबाईला ती ऐकू येत होती, आणि एक आवाज जरी क्षणभर थांबला तरी ती जागच्या जागी थांबत होती.

एका ठिकाणी खुंटी सापडेना. तिघंही ओल्या गवतात रांगत होती. शहाणा पुटपुटत आकडे परत परत म्हणत होता आणि दर वेळी त्याचा आवाज जास्त कापत होता. "माझं चुकलं असेल तर?" तो म्हणाला. मामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं कधी चुकतं का रे? तूच सांगत असतोस." शेवटी खुंटी मामाच्याच गुडघ्याखाली निघाली.

शेवटच्या खुंटीपाशी आखीव पट्टी गवतात आडवी पडली होती. भागूबाईने ती हाताने ओळखली. इथून गोगलगाय त्यांच्या हाकेकडे निघाली होती.

मामाने टेपचं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि दुसऱ्या हाताने भागूबाईचा घोटा धरला, कारण ती आता पोटावर झोपून सरकत होती. चुन्याची रेघ तिच्या नाकाखालून गेली. काठी ठोकली, जमीन. काठी ठोकली, जमीन. काठी ठोकली आणि ती नुसतीच खाली गेली.

भागूबाई थिजली. समोर पांढरं होतं आणि खालीही पांढरंच होतं.

"गोगलगाय?" ती कुजबुजली. मोठ्याने हाक मारायचा तिला धीर होईना.

खालून हुंदका आला.

कड्याला खाली एक टप्पा होता, दगड काढताना राहिलेला, माणसाच्या उंचीपेक्षा थोडा जास्त खोल. गोगलगाय त्यावर पडली होती. टप्प्याच्या पलीकडे सरळ पाणी.

"पाय मोडलाय माझा," ती म्हणाली. "मी वर येते. मला वर घे." आणि तिने हालचाल केली तशी खडी सुटून खाली गेली. ती पाण्यात पडेपर्यंत जो वेळ गेला तो दोघींनी ऐकला.

"नको," भागूबाई म्हणाली. "पाठ भिंतीला लाव. लावलीस? आता हात दोन्ही बाजूंना जमिनीवर ठेव. तशीच बस."

"ताई, तू जाऊ नकोस ना."

कधी 'तुम्ही'च्या खाली न उतरलेली मुलगी पहिल्यांदा 'तू' म्हणाली.

"नाही जात."

"तुला भीती नाही वाटत?"

"इतकी वाटतेय की हलताच येत नाहीये. जाणार कुठे?"

खालून एक विचित्र आवाज आला. अर्धा रडण्याचा, अर्धा हसण्याचा.

निरोप मागे गेला, तोंडातून तोंडात. सापडली. जिवंत आहे. दोर हवा. धुक्यात तो दूर दूर जात विरला. मग नुसतं वाट बघणं. भागूबाईचं अर्धं डोकं कड्याच्या बाहेर, छातीखाली ओला दगड, घोट्यावर मामाची पकड. तिला सारखं वाटत होतं की आपण पडलोच आहोत, फक्त खाली पोचायचं राहिलंय. ती काहीबाही बोलत राहिली. वडिलांच्या टपरीतल्या किल्ल्यांबद्दल, आत्याच्या म्हणींबद्दल. गोगलगाय मध्येच गप्प झाली की भागूबाई प्रश्न विचारायची. कुठलाही. पाण्याची घनता किती, हासुद्धा विचारून झाला.

मॅडम आल्या त्या मुलांच्या ओळीवरून हात फिरवत, खुंटीवरून खुंटीवर. मागे लॅबचे शिपाईकाका, खांद्यावर सामान बांधायच्या जाड दोराचं वेटोळं. दोर खाणीच्या काठावरच्या एका जुन्या दगडी खांबाला बांधला, गाठी मामाने मारल्या. मुकादमाच्या हाताखाली तो तेवढं नीट शिकला होता. तोच खाली उतरला. गोगलगाईला वर ओढलं. भागूबाईने तिला धरलं ते गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही.

पण खरी भीती अजून पुढेच होती. दवाखान्यात गोगलगाईची आई आली. ती बेकरीत काम करायची. दंडावर भट्टीच्या पत्र्यांचे जुने चटके, केसांत पीठ. घरात मायलेकी दोघीच. तिने मुलीचा प्लास्टरमधला पाय बघितला आणि बाहेर येऊन विचारलं, "तिला हाक कुणी मारली?"

मॅडम पुढे झाल्या, पण भागूबाई आधी बोलली. "मी मारली, काकू."

"खड्डा मध्ये आहे हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. त्या क्षणी सुचलं नाही."

"सुचलं नाही," ती बाई म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कॉलेजात चौकशी बसली. मॅडमनी जबाबदारी स्वतःवर घेतली. धुक्याचे दिवस होते, कॅम्प पुढे ढकलायला हवा होता, असं त्यांनी लिहून दिलं. भागूबाईला कमिटीसमोर उभं केलं तेव्हा तिने जे घडलं ते सरळ सांगितलं, मध्ये दोनदा थांबून. शिक्षा कुणाला झाली नाही, पण प्राचार्य म्हणाले, पोरांच्या हाती पोरं द्यायचा हा खेळ पुरे. मेंटॉरची योजना बंद झाली. सूचनाफलकावर तसा कागद लागला.

त्या संध्याकाळी भागूबाई ड्रॉइंग हॉलकडे गेली ती आपले बोर्ड आणि पट्ट्या घेऊन यायला. तिथे कुणी नसणार असं धरून चालली होती. हॉल भरलेला होता. कागद सगळ्यांनी वाचला होता. योजना बंद झाली होती, पण परीक्षा कुठे बंद झाली होती? कुणीतरी सरकून तिला जागा करून दिली.

गोगलगाईला आईने घरी ठेवलं होतं. ती कुणाचा फोन घेत नव्हती. सत्र बुडणार हे दिसत होतं. "आपण जाऊ या," शहाणा म्हणाला. भागूबाईच्या अंगावर काटा आला. ते दार आणि त्या दारामागची ती बाई. पण ती गेली.

दार साखळीपुरतं उघडलं. "झोपलीये ती," आई म्हणाली, आणि दार बंद.

तिघं जिन्यात उभी राहिली. भागूबाईचा एक पाय खालच्या पायरीवर गेलाही होता. शहाण्याने मात्र तिथेच बसकण मारली, पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात तुळईवरच्या भाराचं गणित समजावायला सुरुवात केली. मामाला, म्हणे. समोरच्या दारातून एक आजोबा डोकावले आणि कपाळाला आठ्या घालून आत गेले. भागूबाई हळूच म्हणाली, "बास कर, हाकलून देतील आपल्याला." तो थांबेना. समीकरण मांडलं, बेरीज केली, उत्तर काढलं.

"ते मायनस आहे," बंद दाराआडून आवाज आला.

 शहाण्याने पुस्तकात बघितलं. "हो. मायनस आहे."

 मग साखळी निघाल्याचा आवाज आला. आई बाजूला उभी होती. आत गोगलगाय खुर्चीत, पाय स्टुलावर, मान ताठ. शहाणा आणि मामा आत गेले. भागूबाई उंबऱ्यापाशी घुटमळली.

"तुला मी माफ केलेलं नाही," आई तिला म्हणाली.

"हो, काकू."

"कितीतरी वेळ लागेल. कदाचित नाहीच करणार."

"हो."

"मग उभी का? आत ये. दारातून वारा येतो."

त्या दिवसापासून ती दर आठवड्याला जात राहिली. कधी तिघं, कधी ड्रॉइंग हॉलमधली आणखी कुणी. प्रत्येक वेळी घंटीवर बोट ठेवण्याआधी भागूबाई मनातल्या मनात वाक्य घोकायची. आई कधी बोलायची, कधी नाही. गोगलगाईने परीक्षा दिली, दोन विषय राहिले, पुढच्या वेळी सुटले. पाय थोडा आखूडला. मॅडमनी वर्षभर खेटे घालून योजना परत सुरू करून घेतली, पण ती परत सुरू झाल्याचा कागद लागल्याचं मुलांना फारसं कळलंही नाही.

भागूबाई आता एका कचेरीत डोंगरातल्या रस्त्यांच्या आधारभिंती आखते. भिंत जितकी जाड हवी त्यापेक्षा ती जरा जाडच काढते, म्हणून वरिष्ठांची बोलणी खाते. धुकं पडलं की त्या दिवशी ती सुट्टी टाकते. मामाची स्वतःची कामं चालतात. शहाणा कुठल्याशा कंपनीत आहे आणि अजून सगळ्यात जास्त त्यालाच कळतं. गोगलगाय पाणीपुरवठ्याच्या खात्यात लागली.

गेल्या महिन्यात या मंडळींनी भागूबाईला गाडी शिकवायचं ठरवलं. स्टीअरिंगवर भागूबाई, शेजारी शहाणा, मागे मामा आणि गोगलगाय. मोठ्या चौकात सिग्नलला गाडी बंद पडली. मागून भोंगे सुरू झाले.

"ताई, हिरवा झालाय," शहाणा म्हणाला.

"दिसतंय मला."

"मग सोड ना क्लच."

"सोडते."

"मागे ट्रक आहे," मामा म्हणाला.

"मामा, तुम्ही गप्प बसा हो," गोगलगाय म्हणाली आणि पुढे वाकून तिने भागूबाईच्या खांद्यावर हात ठेवला.  भागूबाईने किल्ली फिरवली. गाडी एक आचका देऊन परत बंद पडली. तिने पुन्हा फिरवली.